पाळणाघरातील दोन मुले, ‘असुरक्षित’ हा शेरा आणि संस्कृतीचा वाटा

शोधिका यांचा प्रश्न

नमस्कार. मी बालविकास या विषयाची पदविका करीत असून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गेले तीन महिने एका पाळणाघरात निरीक्षणासाठी जात आहे. तेथील एका प्रसंगावरून पडलेला प्रश्न येथे मांडते. प्रसंग थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण माझी अडचण त्याच्या तपशिलातच आहे.

एकाच सकाळी दोन नवी मुले आली. दोघांचेही वय साधारण सोळा महिने. मुलीच्या आईने तिला सतरंजीवर बसवले तेव्हा मुलीने आईच्या बाहीची कड मुठीत घट्ट धरली. आईने ती हलकेच सोडवून घेतली आणि ती बाहेर गेली, तरी मुलीची मूठ नंतर कितीतरी वेळ तशीच मिटलेली होती. तिचे रडणे कोणालाही थांबवता आले नाही. वीस मिनिटांनी आई परतली तेव्हा ती आईला बिलगली खरी, पण बिलगलेली असतानाच आईच्या खांद्यावर रागाने थापाही मारत होती. मुलाचे सगळे उलटे. आई निघाली तेव्हा त्याने मानही वर केली नाही. तो ठोकळ्यांवर ठोकळे रचत राहिला, आणि आई परत आल्यावर त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, लगेच नजर वळवली आणि ठोकळ्यांच्या डब्याला झाकण लावण्याच्या खटपटीला लागला. मार्गदर्शक बाईंनी नोंदवहीत मुलीपुढे ‘असुरक्षित, आईवर अतिअवलंबून’ आणि मुलापुढे ‘स्वावलंबी, समायोजन उत्तम’ असे शेरे लिहिले.

घरी येऊन पाठ्यपुस्तक उघडले, तर त्यातील वर्गीकरणानुसार मुलाचे वर्तनही ‘असुरक्षित’ याच सदरात, ‘टाळणारा’ या उपप्रकारात बसते. म्हणजे ज्या वागण्याला बाईंनी शाबासकी दिली, त्यालाच पुस्तकाने नापास केले. नंतर दोन्ही पालकांशी बोलताना असे कळले की मुलगी मोठ्या कुटुंबात वाढते आहे, ती जन्मापासून कधी एकटी झोपलेली नाही आणि परक्या माणसाजवळ तिला एकदाही ठेवलेले नाही. मुलाला मात्र त्याच्या आईवडिलांनी सहाव्या महिन्यापासून वेगळ्या खोलीत झोपण्याची आणि एकट्याने खेळण्याची सवय समजून-उमजून लावली आहे. तेव्हा माझा प्रश्न असा : आपण मोजतो आहोत ते मुलाचे मन, की घराने त्याला लावलेले वळण? आणि ते वळणच एवढे खोल जात असेल, तर सर्व मुलांना लागू पडणारा असा ‘सामान्य विकास’ शिल्लक तरी किती राहतो?

पिंपळपान यांचे उत्तर

शोधिका, तुमचे निरीक्षण नेटके आहे. मिटलेल्या मुठीची नोंद तुम्ही ठेवलीत हे विशेष. मी हा विषय बरीच वर्षे शिकवला आहे, त्यामुळे उत्तर लांबण्याचा धोका आहे, तो पत्करावा.

तुमच्या पाठ्यपुस्तकातील वर्गीकरण मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या ‘अनोळखी परिस्थिती’ या चाचणीतून आले आहे. एक ते दीड वर्षाच्या मुलाला आईसह अनोळखी खोलीत आणतात, मग एक परकी व्यक्ती आत येते, आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परतते. सगळे मिळून वीसेक मिनिटांचे काम. त्यात मुख्यतः पाहायचे असते ते आई परतल्यावरचे वागणे. ती गेल्यावर मूल किती रडले, यावरून भावबंध, म्हणजे मुलाचे आईशी जुळलेले भावनिक नाते, सुरक्षित की असुरक्षित हे ठरत नाही. बाईंच्या शेऱ्यात पहिली गफलत येथे झाली आहे.

या कामाची सुरुवात प्रयोगशाळेत झाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती युगांडात झाली. एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये कंपालाच्या परिसरातील गावांत घरोघरी जाऊन माता आणि तान्ही मुले यांचे निरीक्षण केले आणि १९६७ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत, बाल्टिमोर येथे, त्यांनी तसेच निरीक्षण हाती घेतले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आईने खोलीतून उठून जाणे ही तेथील मुलांना रोजचीच गोष्ट असल्यामुळे घरात ती फारशी बिथरतच नाहीत. मुलावर पुरेसा ताण यावा आणि त्या ताणात ते आईकडे कसे वळते हे दिसावे, यासाठी ती अनोळखी खोली योजावी लागली. याचाच अर्थ, चाचणीतील ताणाचे माप एका विशिष्ट समाजातील मुलांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टींवर बेतलेले होते. तेच माप दुसरीकडे नेले की कोणाला ते सैल होणार आणि कोणाला काचणार, हे ओघाने आलेच.

झालेही तसेच. जर्मनीतील बीलेफेल्ड या शहरात ग्रॉसमन दांपत्याने ही चाचणी घेतली, तेव्हा सुमारे निम्मी मुले ‘टाळणारी’ ठरली. तेथील पालकांची अपेक्षाच अशी होती की, चालू लागलेल्या मुलाने आईला चिकटून राहू नये आणि क्षुल्लक कारणाने तिला हाक मारू नये. मुले त्या अपेक्षेत तयार झालेली होती. जपानमधील साप्पोरो येथे चित्र पालटले. तेथे ‘टाळणारे’ मूल एकही आढळले नाही आणि जवळजवळ एकतृतीयांश मुले, आईने उचलून घेतल्यावरही न शमणाऱ्या ‘प्रतिरोधी’ गटात गेली. ज्या मुलांना आयुष्यात क्वचितच कोणी एकटे सोडले असेल, त्यांना परक्या खोलीत एकटे ठेवल्यावर असा आकांत उसळत असे की चाचणीचा तो भाग पुष्कळदा आवरता घ्यावा लागला. बाल्टिमोरच्या मुलाला बेताचा वाटणारा ताण येथे पराकोटीचा ठरत होता, मग दोघांच्या रडण्याला एकच गुणांकन लावून काय साधणार?

तुमच्या सतरंजीवर साप्पोरो आणि बीलेफेल्ड शेजारी शेजारी बसले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण व्हान आयझेनडोर्न आणि क्रूनेनबर्ख यांनी १९८८ मध्ये ८ देशांतील ३२ अभ्यासांचे, म्हणजे जवळपास २,००० मुलांच्या निकालांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा दोन निष्कर्ष हाती आले. सगळे अभ्यास एकत्र घेता प्रत्येक देशात ‘सुरक्षित’ गटच सर्वांत मोठा निघाला. आणि दोन देशांमध्ये जितका फरक पडत होता, त्याच्या सुमारे दीडपट फरक एकाच देशातील वेगवेगळ्या नमुन्यांत होता. टोकियोतील निकाल साप्पोरोपेक्षा जगाच्या सरासरीशी अधिक जुळत होते. तेव्हा ‘जपानी मूल’, ‘जर्मन मूल’ असे शिक्के मारण्याऐवजी त्या त्या घरात रोज काय घडते ते पाहावे, हे बरे. तुम्ही पालकांशी बोललात, ते याच कारणासाठी मोलाचे होते.

त्या मुलाविषयी एक पुस्ती. वरवर शांत दिसणाऱ्या ‘टाळणाऱ्या’ मुलांच्या हृदयाचे ठोकेही आई गेल्यावर वाढलेले असतात, हे हृदयगती मोजणाऱ्या अभ्यासांतून १९७० च्या दशकातच दिसून आले होते. त्यामुळे त्याला काही वाटलेच नाही, असे समजू नका. वाटणे आणि दाखवणे यांच्या मध्ये जी जागा असते, तेथे संस्कृतीचे बरेचसे काम चालते.

आता तुमचा मोठा प्रश्न. वळण किती खोल जाते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण हायडी केलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील अभ्यासाचे आहे. कॅमेरूनमधील न्सो समाजातील मातांचा भर मुलाला सतत अंगाशी धरण्यावर आणि त्याच्या हातापायांना चालना देण्यावर असतो. अथेन्समधील मध्यमवर्गीय मातांचा भर समोरासमोर पाहून बोलण्यावर आणि खेळणी दाखवण्यावर. ही मुले दीड वर्षाच्या पुढे गेल्यावर त्यांच्या दोन परीक्षा घेतल्या. नकळत चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावून मूल आरशात स्वतःला ओळखते का, ही एक; मोठ्यांनी सांगितलेले करते का आणि मनाई केलेल्या वस्तूपासून हात आवरते का, ही दुसरी. आरशाच्या परीक्षेत अथेन्सची मुले पुढे होती, स्वनियमनाच्या परीक्षेत न्सो मुले, आणि कोस्टा रिकातील तिसरा गट दोन्हींत मधोमध होता. या मुलांना केवळ एकाच परीक्षेवरून जोखले असते, तर दोहोंपैकी एका गटाला ‘मागासलेला’ ठरवून आपण मोकळे झालो असतो. हा उद्योग या शास्त्राने बराच काळ केलाही आहे.

दीर्घसूत्री यांचे उत्तर

पिंपळपान यांनी पहिल्या दोन वर्षांविषयी लिहिले आहे; मी थोड्या मोठ्या मुलांकडे वळतो, कारण तेथे हे काम बोलण्यातून घडताना दिसते.

फिरून घरी आलेल्या दोन माता आपापल्या चार वर्षांच्या मुलांशी बोलत आहेत, अशी कल्पना करा. पहिली विचारते, “तुला सर्वांत काय आवडले? मग तुला भीती नाही वाटली? तू काय केलेस?” दुसरी विचारते, “आपण कोणाकोणाबरोबर गेलो होतो? ताई थांबली होती तेव्हा तू हट्ट केलास, ते बरोबर होते का?” दोघींनाही मुलांविषयी तितकीच माया आहे. पण पहिल्या संवादात घटनेच्या मध्यभागी मुलाचे ‘मी’ उभे राहते आणि दुसऱ्यात माणसांमधली नाती. ची वांग यांनी अमेरिकी आणि चिनी कुटुंबांतील अशा संवादांचा दीर्घकाळ अभ्यास केला. सरासरी काढली तर अमेरिकी संवाद पहिल्या प्रकाराकडे आणि चिनी संवाद दुसऱ्या प्रकाराकडे झुकलेले आढळले. त्यांच्याच २००१ मधील अभ्यासात अमेरिकी विद्यार्थ्यांची सर्वांत जुनी आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची होती, तर चिनी विद्यार्थ्यांची त्यानंतर सुमारे सहा महिन्यांची. याच्या उलट, न्यूझीलंडमधील माओरी समाजात, जेथे भूतकाळ आणि कुळकथा सांगण्याला मोठे स्थान आहे, प्रौढांची पहिली आठवण सरासरी तीन वर्षांच्याही आतली निघाली. आपले आयुष्य आपल्याला कोठून आठवू लागते, इतकी खाजगी गोष्टसुद्धा घरात बोलण्याची रीत काही अंशी ठरवते, हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो होतो.

दुसरा मुद्दा असा की, संस्कृती ही एकाच जागी ठाण मांडून बसलेली वस्तू आहे असे गृहीत धरू नये. शिनयिन चेन आणि सहकाऱ्यांनी शांघायमधील शाळकरी मुलांच्या लाजाळूपणाचा अभ्यास १९९०, १९९८ आणि २००२ अशा तीन वेळा केला. १९९० मध्ये बुजरी, मितभाषी मुले वर्गसोबत्यांना हवीशी वाटत, शिक्षक त्यांना समंजस मानत आणि त्यांच्याकडे वर्गातील जबाबदारीही येई. १९९८ मध्ये संमिश्र चित्र दिसले. २००२ पर्यंत त्याच स्वभावाची मुले एकटी पडू लागली होती आणि त्यांच्यात खिन्नतेची लक्षणेही अधिक दिसत होती. बारा वर्षांत मुलांचा उपजत पिंड बदलण्याचे कारण नाही. बाजारपेठ खुली झाली, स्पर्धा वाढली, पुढे होऊन बोलणाऱ्याला महत्त्व आले, आणि कालपर्यंत जो गुण होता तोच दोष ठरला. एखाद्या स्वभावामुळे मुलाला मानसिक त्रास होईल की नाही, हे भोवतालचे लोक त्या स्वभावाला काय नाव देतात यावर किती अवलंबून असते, याचा इतका स्वच्छ पुरावा माझ्या वाचनात दुसरा नाही. शोधिका, तुमच्या नोंदवहीतील ‘स्वावलंबी’ आणि ‘अतिअवलंबून’ हे शब्दही असेच नामकरण करीत आहेत.

तटस्थ यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, तरीही थोडा लगाम घालतो. मी मुलांचे समुपदेशन करतो आणि ‘आमच्याकडे असेच असते’ हे वाक्य आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकतो. कधी ते खरे असते. कधी त्या वाक्याच्या आड असे काही दडलेले असते की जे कोणत्याही समाजातील मुलाला सोसणारे नाही.

शारीरिक शिक्षेचे उदाहरण घ्या. जेनिफर लान्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपाइन्स आणि थायलंड या सहा देशांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. जेथे मारणे सर्रास चालते आणि मुलांनाही ते नेहमीचे वाटते, तेथे मार आणि मुलाची आक्रमकता किंवा चिंता यांचा संबंध सौम्य होता. येथपर्यंतचा भाग सगळे उत्साहाने सांगतात. पुढचा भाग असा की, संबंध सौम्य झाला तरी नाहीसा झाला नाही. जास्त मार खाणारी मुले तेथेही अधिक त्रासात होती. रूढीमुळे घावाची धार बोथट होते, पण घाव बसतोच.

‘सामान्य विकास’ म्हणून काय उरते, याचे उत्तरही मी याच बाजूने देईन. आईपासून दुरावल्यावर रडण्याची प्रवृत्ती पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात दिसू लागते आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शिखर गाठते. कलहारीतील भटक्या समूहांपासून इस्रायलमधील किबुत्झ या सामूहिक वसाहतींपर्यंत, अगदी वेगवेगळ्या प्रकारे वाढणाऱ्या मुलांत जेरोम केगन यांना हा आलेख सारखाच आढळला. आणि मुलाला आपले असे कोणी माणूसच मिळाले नाही तर काय होते, हे रुमानियातील अनाथालयांनी दाखवून दिले. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या प्रकल्पात संस्थांतील १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने पालक कुटुंबांत पाठवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांचा भावबंध आणि बुद्धी यांत सुधारणा झाली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांना त्याचा लाभ सर्वांत अधिक झाला. मायेचे माणूस एक असो वा दहा, ते अंगाशी धरणारे असो वा समोर बसून बोलणारे, याचे असंख्य प्रकार चालतात. ते अजिबात नसणे कोठेही चालत नाही.

आणखी एक तक्रार, थोडी विषयाला लागूनच. पूर्वेकडे समूहनिष्ठ, पश्चिमेकडे व्यक्तिनिष्ठ अशी जी दुकप्पी पेटी अभ्यासक्रमांत दिली जाते, तिचा मला कंटाळा आला आहे. तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम काइतचिबाशी यांनी फार पूर्वीच दाखवून दिले की, स्वतःचे निर्णय स्वतः घेणे आणि माणसांना धरून राहणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि एकाच व्यक्तीत दोन्ही भरपूर असू शकतात. शिक्षण आणि शहरीकरण वाढल्यावर अनेक समाजांत पालकांना मूल नेमके तसेच हवे असते : बाहेर स्वतंत्र, घरात जवळचे. शोधिका यांच्या दोन मुलांना पेटीच्या दोन कप्प्यांत टाकण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

शोधिका यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल मी पुन्हा गेले होते. मुलगी अजून रडते, परंतु आता एका मावशींच्या मांडीवर बसून रडते आणि आई दिसली की थापा न मारता लगेच शांत होते. मुलगा अजूनही मान वर करीत नाही. मात्र काल आई गेल्यावर त्याने रचलेले ठोकळे स्वतःच तीनदा पाडले, आणि हे मी पूर्वी कदाचित ‘खेळतो आहे’ एवढेच लिहिले असते. माझी अडचण आता व्यवहाराची आहे. नोंदवहीत ‘समायोजन’ नावाचा रकाना आहे आणि त्यात ‘उत्तम’, ‘मध्यम’, ‘असमाधानकारक’ यांपैकी एकच शब्द लिहावा लागतो. दोघांपुढे मी काय लिहू?

पिंपळपान यांचे उत्तर

एका शब्दाचा आग्रहच असेल तर दोघांपुढेही ‘मध्यम’ लिहा आणि शेजारच्या मोकळ्या जागेत खरी नोंद करा. ती कशी करावी, यासाठी चार्ल्स सूपर आणि सारा हार्कनेस यांनी १९८६ मध्ये मांडलेली तीन अंगे उपयोगी पडतात : मूल कोणत्या जागेत आणि कोणत्या माणसांत राहते, त्याला सांभाळण्याच्या रीती कोणत्या, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनात चांगल्या मुलाची कल्पना कोणती. सूपर यांना ही दृष्टी केनियातील किप्सिगिस समाजात काम करताना आली. तेथील बाळे बसू आणि चालू लवकर लागतात, रांगण्यात मात्र पुढे नसतात, कारण बसणे आणि चालणे या गोष्टी त्यांना मुद्दाम शिकवल्या जातात आणि रांगणे कोणी शिकवत नाही. तुमच्या मुलाला एकटे खेळणे शिकवलेले आहे आणि मुलीला माणसे ओळखणे. ज्याचा सराव झाला ते पुढे, ज्याचा नाही ते मागे.

एका विभक्ततेवरून ‘असुरक्षित’ हा शब्द मात्र कोणाच्याही पुढे लिहू नका. ते वर्गीकरण प्रशिक्षित व्यक्ती चित्रफीत पुनःपुन्हा पाहून करते, तेही संशोधनासाठी.

तटस्थ यांचे उत्तर

सहमत. केवळ एवढे लक्षात ठेवा की काही आठवडे गेल्यावरही दोहोंपैकी कोणी लागले-खुपले तरी कोणाही मोठ्या माणसाकडे वळत नसेल, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांत काहीच फरक करीत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावू लागले असेल, तर घरची रीत कोणतीही असो, तज्ज्ञांकडे पाठवण्याची सूचना लेखी द्या. मुलगी त्या मावशींकडे गेली, ही नोंद तारखेसह ठेवा. मुलाचे ठोकळे पाडणे आई गेल्यावर किती वेळाने सुरू होते, ते या आठवड्यात घड्याळ लावून पाहा आणि जमल्यास येथे कळवा.